बारावी बाहुली आणि केळकरांचा वाडा

कंपनीनं एखादी बाहुली बनवणं थांबवलं की कलेक्शन करणाऱ्यांचा जीव खालीवर होतो. पण वस्तू बंद पडतात म्हणजे नेमकं काय होतं, हे पुण्यातल्या एका चष्मेवाल्या कवीला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. राजा केळकर संग्रहालय उभं करणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांची ही गोष्ट.

माझ्याकडे अकरा बाहुल्या आहेत. सिरीज बाराची होती.

पहिली घेतली तेव्हा मी अकरावीत होते. वाढदिवसाचे पैसे, दिवाळीची ओवाळणी, मधेच कधी बाबांचा मूड चांगला असला तर त्यांच्याकडून, असं करत करत अकरा जमल्या. बारावी घ्यायला गेले तर दुकानातले काका म्हणाले, ती बंद झाली, कंपनीनंच काढून टाकली. मला वाटलं, मस्करी करतायत. घरी येऊन शोधलं तर खरंच बंद! पण गंमत पुढे आहे. तीच बाहुली सीलबंद खोक्यात विकायला काढलेले लोक भरपूर सापडले. किंमत मूळच्या आठपट. म्हणजे बाहुली संपली नव्हती. माझ्यासारख्यांसाठी संपली होती.

आमच्या येरवड्याच्या घरात त्या रात्री माझी भरपूर चिडचिड झाली. आजी शांतपणे ऐकत होती. मग तिनं विचारलं, तुझ्या बाहुलीची निदान बातमी तरी आली, आमची ठकी कधी बंद झाली ते कुणी सांगितलं का? ठकी म्हणजे लाकडाची, रंगवलेली, पूर्वी घरोघरी असायची ती बाहुली. तिच्या लहानपणी जत्रेत मिळायची. मग कमी झाली, मग दिसेनाशी झाली. ना घोषणा, ना शेवटचा स्टॉक, ना लिमिटेड एडिशन. आजीनं पुढे एकच सांगितलं, की एकदा केळकर म्युझियम बघून ये.

शाळेच्या सहलीत गेले होते मी तिथे. लक्षात राहिली होती ती फक्त बाहेरची भेळ. यावेळी एकटीच गेले आणि वस्तूंपेक्षा त्या जमवणाऱ्या माणसातच जास्त अडकले.

कवी, चष्मे आणि जुना बाजार

दिनकर केळकरांचा जन्म १८९६ चा. तरुणपणी ते कवी होते आणि अज्ञातवासी या टोपणनावानं लिहायचे. पण कवितेवर पोट भरत नाही हे तेव्हाही खरं होतं. पुण्यात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून काचा द्यायच्या आणि उरलेल्या वेळात बाकीच्यांना न दिसणाऱ्या वस्तू शोधत फिरायचं, असा त्यांचा दिनक्रम म्हटला तरी चालेल.

साधारण १९२० च्या सुमाराला त्यांना हा नाद लागला. तेव्हाचं पुणं डोळ्यांसमोर आणा. पेशवाई जाऊन शंभर वर्षं झालेली. सरदारांची, इनामदारांची घराणी वाड्यांत राहतायत, पण वाडा सांभाळायला पैसा नाही. माळ्यावर, तळघरात वस्तूंचे ढीग पडलेत. घरात विजेचा दिवा येतोय, म्हणून समया आणि लामणदिवे अडगळीत चाललेत. फाउंटन पेन येतंय, म्हणून दौती नकोशा झाल्यात. पुढे स्टेनलेस स्टील आलं आणि तांब्यापितळेची भांडी मोडीत निघाली. मोड म्हणजे काय, ते आपल्या पिढीला सांगायला हवं. कारागिरानं घडवलेली वस्तू द्यायची आणि तिच्या धातूच्या वजनाएवढे पैसे घ्यायचे. त्यावरच्या मोराला, हत्तीला, वेलबुट्टीला किंमत शून्य. वितळवलं की संपलं.

केळकर नेमके तिथे पोचायचे. वाड्यांत, जुन्या बाजारात, गावोगावी. राजांच्या तलवारी आणि दागिने जमवणारे तेव्हाही होते, आणि शस्त्रं केळकरांच्या संग्रहातही आहेत. पण त्यांचा खरा जीव अडकला तो घरातल्या, रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंत. सुपारी कातरायचा अडकित्ता. आंघोळीच्या वेळी तळपाय घासायची वज्री. दौत, कुलूप, पानाचा डबा, दिवा, पोळपाट, खेळणी, बाहुल्या. या वस्तूंवर ना कारागिराचं नाव, ना तारीख. आणि इतिहासाच्या पुस्तकात तर त्यांना जागाच नाही.

म्युझियममधला अडकित्त्यांचा विभाग बघाच. सुपारी फोडायला दोन पाती आणि एक खिळा पुरतो. तरी कुणी अडकित्त्याला घोड्याचा आकार दिलाय, कुणी पक्ष्याचा, कुणी जोडप्याचा. वज्रीचंही तसंच. पाय घासायची वस्तू, ती कोण बघणार? तरी तिच्या मुठीवर पक्षी आणि प्राणी बसवलेत. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पीस वनऑफ. पण तो दुर्मिळ करायचा असं ठरवून कुणी बनवला नव्हता. हातानं केलेलं दुसऱ्यांदा सेम येत नाही, इतकंच.

दिवसाला एक वस्तू

आकडे बघितले तर डोकं चक्रावतं. १९२० ते १९६० या चाळीस वर्षांत केळकरांच्या संग्रहात जवळपास १५,००० वस्तू जमल्या होत्या. मी मोबाइलवर भागाकार केला. वर्षाला सुमारे ३७५. म्हणजे चाळीस वर्षं, सुट्टी न घेता, दिवसाला एक वस्तू. तीसुद्धा चष्म्याचं दुकान चालवून, संसार सांभाळून आणि ऑनलाइन सर्च नसताना. गुजरात, राजस्थान, दक्षिण, कुठे कुठे ते फिरले. घराचे कोरीव दरवाजे आणले, खिडक्या आणल्या, वाद्यं आणली, कळसूत्री बाहुल्या आणल्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून तो महाल म्युझियममध्ये पुन्हा उभा केला. लोक शोकेसमध्ये वस्तू ठेवतात, या माणसानं वस्तूंमध्ये घर ठेवलं.

या सगळ्यात कमलाबाईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, नाव नेहमी मागे राहतं. विचार करा, नवरा रोज एक जुनी वस्तू घेऊन घरी येतोय. पैसे त्यात चाललेत, जागाही त्यात चाललीय. माझ्या अकरा बाहुल्यांवरून आईचे टोमणे सुरू असतात, इथे तर १५,००० चा मामला होता. कमलाबाईंनी हा पसारा नुसता सहन केला नाही, त्या या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या. दोघांच्या हातांशिवाय हा वाडा भरलाच नसता.

आणि मग राजा. केळकर दांपत्याचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणीच गेला. पुढे १९६२ मध्ये संग्रहालय उभं राहिलं, तेव्हा त्याला केळकरांनी स्वतःचं नाव दिलं नाही, राजाचं दिलं. आपण सहज राजा केळकर म्युझियम म्हणतो. कित्येकांना वाटतं की राजा म्हणजे संग्रह करणारे केळकरच, नाहीतर कुठला तरी खराखुरा राजा. मलाही तसंच वाटायचं. तो एक लहान मुलगा होता, हे कळल्यावर खेळण्यांच्या आणि बाहुल्यांच्या कपाटासमोर मी थोडी जास्त वेळ उभी राहिले. याहून जास्त काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटलं होतं. नदीकाठच्या पेठांत वाडे कोसळले, संसार वाहून गेले. जुनं पुणं किती झटकन नाहीसं होऊ शकतं, हे सगळ्या शहरानं एका दिवसात बघितलं. केळकर ती भीती मनात धरून तोवर चाळीस वर्षं काम करत होते.

विकलं नाही, देऊन टाकलं

माझ्यासाठी या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग इथून पुढे आहे. तोवर केळकरांच्या वस्तूंची किंमत वाढली होती. जी मोडीच्या भावात मिळाली तिला आता परदेशी गिऱ्हाईक मिळू शकत होतं. आपल्या भाषेत, होल्ड केलेला स्टॉक वर गेला होता. मग केळकरांनी काय केलं? १९७५ मध्ये अख्खा संग्रह राज्य सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. एकेक वस्तू फोडून विकली असती तर कदाचित पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. पण मग अडकित्ता लंडनला, दिवा न्यूयॉर्कला, वज्री कुणाच्या तरी तिजोरीत, आणि मी शुक्रवार पेठेत काय बघितलं असतं?

१९९० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी केळकर गेले. आज संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या साधारण २,५००. म्हणजे आपण बघतो तो फक्त आठवा हिस्सा.

दुसऱ्या टोकाची गोष्ट

आता माझ्या बारावीकडे येऊ. कंपन्यांनी बाहुल्या बंद कराव्यात की नाही?

बंद करण्याची चांगली कारणं असतात, हे आधी मान्य करू. साचे झिजतात. दुकानात जागा मर्यादित असते. न खपणारं प्लास्टिक बनवत राहण्यात काय अर्थ आहे? कधी सुरक्षेचा प्रश्न असतो. २००७ मध्ये बार्बीवाल्या मॅटेलनं रंगातल्या शिशामुळे जगभरातून लाखो खेळणी परत बोलावली. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. त्यात न बसणारी खेळणी बंद झाली तर कुणी रडू नये.

काही बाहुल्या स्पर्धेत जातात. बार्बीची निर्माती रूथ हँडलर १९५६ मध्ये युरोपात फिरत असताना तिला लिली नावाची जर्मन बाहुली दिसली. त्यावरून कल्पना घेऊन १९५९ मध्ये बार्बी बाजारात आली. १९६४ मध्ये मॅटेलनं लिलीचे हक्कच विकत घेतले आणि लिली बंद! धाकटीनं थोरलीला घराबाहेर काढलं.

पण तिसरा प्रकार आहे तो मला खुपतो. वस्तू दुर्मिळ व्हावी म्हणूनच ती थांबवायची. अमेरिकेत १९९० च्या दशकात बीनी बेबीज नावाच्या छोट्या मऊ प्राण्यांचं वेड आलं होतं. कंपनी मधूनच एखादा प्राणी रिटायर झाल्याचं जाहीर करायची आणि त्याची किंमत उसळायची. लोक मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून खेळणी साठवायला लागले, तीही टॅगला प्लास्टिकचं कव्हर घालून. १९९९ मध्ये लास वेगासला एका घटस्फोटित जोडप्याला कोर्टात जमिनीवर बसून बीनी बेबीजची वाटणी करावी लागली. एक तुला, एक मला. त्याच वर्षी कंपनीनं सगळाच प्रकार वर्षाअखेर बंद करत असल्याचं जाहीर केलं, मग लोकांचं मत घेतलं आणि पुन्हा चालू ठेवला. नंतर भाव कोसळले आणि घराघरांत खोकी भरून मऊ प्राणी उरले. आज ब्लाइंड बॉक्स उघडताना आपली बोटं थरथरतात ना, तेव्हा हा किस्सा आठवा.

केळकरांची वस्तू आणि ही वस्तू, दोन्ही बंद पडलेल्याच. पण अडकित्ता लोकांना नको झाला म्हणून थांबला. त्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा केळकरांनी तो घेतला. बीनी बेबी सगळ्यांना हवी होती म्हणूनच थांबवली. तिला मिठी मारायला कुणी घेत नव्हतं.

आमच्या येरवड्याचा चरखा

किमतीचं गणित किती विचित्र असतं, त्याचं एक उदाहरण आमच्या एरियातलं. गांधीजी येरवडा तुरुंगात होते तेव्हा नेता-आणता येईल अशा छोट्या चरख्यावर त्यांचं काम चालू होतं. त्यातून पेटीत घडी होऊन बसणारा चरखा पुढे आला आणि त्याला येरवडा चक्र हेच नाव पडलं. कल्पना साधी होती. वस्तू स्वस्त हवी, हलकी हवी आणि प्रत्येकाच्या हातात हवी. २०१३ मध्ये गांधीजींनी येरवड्यात वापरलेला एक चरखा इंग्लंडमध्ये लिलावात निघाला. किंमत आली १ लाख १० हजार पौंड. सगळ्यांसाठी केलेली वस्तू एकाच्या मालकीची झाली. मी जेल रोडवरून रोज जाते-येते, पण हे मला या लेखासाठी वाचताना कळलं.

वस्तू वाचली, हात वाचला का?

इथे केळकरांच्या कामाचीही एक मर्यादा सांगायला हवी, नाहीतर लेख आरती होईल. त्यांनी अडकित्ता वाचवला. अडकित्ता घडवणारा हात संग्रहालयात ठेवता येत नाही. काचेमागच्या बाहुलीकडे बघून नवी बाहुली करता येईलच असं नाही. लाकूड कुठलं घ्यायचं, रंग कसा कालवायचा, डोळे आधी काढायचे की ओठ, हे बोटांत असतं. ती बोटं गेली की वस्तू खऱ्या अर्थानं बंद पडते.

सावंतवाडीची गोष्ट म्हणून महत्त्वाची वाटते. तिथले हातानं रंगवलेले गंजिफाचे गोल पत्ते जवळजवळ संपले होते. छापील पत्ते आल्यावर त्यांना कोण विचारणार? कला येणारे एक वृद्ध चितारी तेवढे उरले होते. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच पुन्हा काम सुरू केलं. लाकडी खेळण्यांसाठी सावंतवाडी प्रसिद्ध आहेच, तिथल्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवताना बघायला मिळतात. केळकरांनी वस्तू ठेवली, सावंतवाडीनं कृती ठेवली. दोन्ही नसतं तर आपल्याकडे फक्त नाव उरलं असतं. आजीच्या ठकीचं बहुतेकांच्या घरी तसंच झालंय. मंद मुलीला चिडवायला शब्द उरला, बाहुली गेली.

म्हणून माझं मत असं. कंपनीला बाहुली बंद करायचा हक्क आहे. पण तारीख आधी सांगा, म्हणजे ज्याला खेळायला हवीय त्याला दुकानाच्या भावात मिळेल. मुद्दाम कमी बनवून लहान मुलांना लॉटरीची सवय लावू नका. प्रत्येक प्रकारातली एक तरी बाहुली लोकांना बघता येईल अशा ठिकाणी ठेवा. आणि बनवणं कायमचं सोडणार असाल तर तिचे कपडे, सुटे भाग दुसऱ्या कुणाला करू द्या. मोडलेल्या हाताची बाहुली फेकून द्यावी लागू नये. हे मागणं फार मोठं आहे का?

आणि आपल्यासाठी? मी केळकरांच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं आणि जरा लाजच वाटली. माझ्या अकरापैकी चार अजून खोक्यातच होत्या. का, तर सील तुटलं की किंमत कमी होते. म्हणजे आठपट भाव लावणाऱ्यांवर चिडणारी मीसुद्धा मनातल्या मनात तेच दुकान थाटून बसले होते.

घरी येऊन चारही खोकी उघडली. मग एक वही घेतली. प्रत्येक बाहुलीला एक पान. कधी घेतली, कुठून, कितीला, पैसे कुणी दिले, काय मोडलंय. संग्रहालयात वस्तूंची नोंद ठेवतात तशी. लिहिताना लक्षात आलं, की सहावी आणि नववी आजीनं दिलेल्या पैशांतून आली होती, ते मी विसरूनच गेले होते. बाराव्या पानावर फक्त बाहुलीचं नाव आणि बंद झाल्याचं वर्ष लिहिलं.

तेराव्या पानावर आजीची ठकी आहे. आजी सांगत गेली, मी लिहीत गेले. उंची हातभर नाही, वीतभर. लुगडं लाल की हिरवं, यावर ती दोनदा अडली. शेवटी हिरवं ठरलं.

जायचंय?
येरवड्याहून मेट्रो पकडा, डिस्ट्रिक्ट कोर्टला लाइन बदला आणि मंडईला उतरा. तिथून नातूबागेपर्यंत चालत जाता येतं. निदान दोन तास हाताशी ठेवा, अडकित्ते आणि दिवे घाईत बघू नका. शक्य असेल तर आजी-आजोबांना बरोबर न्या. काचेवरच्या पाट्यांपेक्षा जास्त माहिती त्यांच्याकडे असते.